जुळवलेला रंग पुन्हा पुन्हा वेगळा दिसतो: दोष शोधायचा कसा

तक्रार बहुतेक वेळा एकाच रूपात येते. नमुन्याशी रंग जुळवला, दोन्ही शेजारी धरून पाहिले, तंतोतंत जुळले. दुसऱ्या खोलीत नेल्यावर मात्र एक हिरवट दिसतो, दुसरा तांबूस. मग मिश्रणात थोडा लाल टाकला जातो. रंग तिथे जुळतो आणि पहिल्या जागी बिघडतो. असे दोन-तीनदा झाले की हाती मातकट रंग उरतो आणि माल वाया जातो.

यातला दोष पुष्कळदा मिश्रणात नसतोच. तो दिव्यात असतो, शेजारच्या रंगात असतो किंवा ओल्या-सुक्या पृष्ठभागात असतो. म्हणून तपासणीचा क्रम पाळा: आधी प्रकाश, मग शेजार, मग पृष्ठभाग आणि सगळ्यात शेवटी मिश्रण. रंगाचा डबा हाताशी असतो, म्हणून लोक नेमके शेवटापासून सुरुवात करतात. पहिले तीन टप्पे होईपर्यंत डब्याला हात लावू नका.

डोळा काय मोजतो

डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. एकीची संवेदनक्षमता साधारण ४२० ते ४४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला, दुसरीची ५३० ते ५४०ला आणि तिसरीची ५६० ते ५६५ नॅनोमीटरला सर्वाधिक असते. वस्तूवरून आलेल्या प्रकाशात कितीही तरंगलांबींची सरमिसळ असो, मेंदूपर्यंत पोहोचतात ते या तीन पेशींचे तीनच आकडे. म्हणजे दोन अगदी वेगळ्या प्रकाशांनी हे तीन आकडे सारखे दिले, तर डोळा त्यांना एकच रंग म्हणतो. पिवळ्याचे उदाहरण घ्या. ५८० नॅनोमीटरचा एकच किरण पिवळा दिसतो. फोन-संगणकाच्या पडद्यावरचा लाल आणि हिरवा ठिपका मिळूनही पिवळाच दिसतो, आणि डोळ्याला त्यांतला फरक कळायला काहीही मार्ग नाही. किरमिजी रंगासाठी तर एकटी अशी तरंगलांबीच नाही. लांब आणि आखूड तरंगलांबीच्या टोकांच्या पेशी एकदम चेतवल्या गेल्या आणि मधली शांत राहिली, की तो दिसतो.

जुळणी फसते ती इथेच. दोन कापडे किंवा दोन लेप वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनले असतील, तर एका दिव्याखाली त्यांचे तीन आकडे जुळतील आणि दुसऱ्या दिव्याखाली जुळणार नाहीत. याला मेटॅमेरिझम म्हणतात. यात जुळवणाऱ्याचा हात किंवा नजर कमी पडलेली नसते.

पहिली तपासणी: प्रकाश

बल्बच्या खोक्यावरचे दोन आकडे वाचा. पहिला केल्विनमधला रंगतापमानाचा: जुना तंतूचा बल्ब सुमारे २७००, दुपारचे ऊन साधारण ५५००, ढगाळ आकाश ६५०० किंवा त्याहून जास्त. आकडा जितका वर जाईल तितका प्रकाश निळसर. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात याचा, आणि तो जास्तीत जास्त १०० असतो. रंग जुळवण्यासाठी ९० च्या खालचा दिवा वापरू नका.

सीआरआयच्या आकड्यात एक पळवाट आहे. हा आकडा आठ फिक्या नमुन्यांच्या सरासरीवर काढला जातो. भडक लाल हा नववा नमुना, आणि तो सरासरीत धरलेला नसतो. त्यामुळे बऱ्या सीआरआयचा एलईडीसुद्धा शेंदरी, डाळिंबी आणि त्वचेचे रंग निस्तेज दाखवू शकतो. उत्पादकाने या नवव्या नमुन्याचा आर९ हा आकडा वेगळा दिला असेल तर तो जरूर पाहा. तो ५० च्या वर असलेला बरा. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत मुळात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर असतो. त्यामुळे ४८० च्या आसपास खड्डा राहतो आणि गडद लालचा वाटा कमी पडतो. ट्यूबलाइटच्या प्रकाशात ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरला पाऱ्याचे उंच सुळके असतात. असे खड्डे आणि सुळके ज्या जागी येतात, तिथेच दोन रंगद्रव्यांतला फरक उघडा पडतो किंवा झाकला जातो. टोकाचे उदाहरण कमी दाबाच्या सोडियम दिव्याचे. तो जवळजवळ फक्त ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश देतो, त्यामुळे त्याखाली सगळ्या वस्तू पिवळ्या-काळ्या दिसतात. तिथे रंग जुळवण्यात अर्थच नाही.

चाचणी अशी करा:

१. नमुना आणि जुळवलेला तुकडा कडेला कड लावून सपाट ठेवा. मधे फट नको. दोन मिलिमीटरची फट असली तरी डोळा तुलना करायला ढिला पडतो.

२. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ दिवसा पाहा. प्रकाश ४५ अंशांतून पडावा आणि नजर सरळ वरून असावी, म्हणजे चकाकी डोळ्यात येणार नाही.

३. तेच तुकडे तंतूच्या बल्बखाली किंवा २७०० केल्विनच्या चांगल्या दिव्याखाली पाहा. खोली बदलल्यावर दोन मिनिटे थांबा. नव्या प्रकाशाला डोळा तेवढ्या वेळात बऱ्यापैकी सरावतो. त्याआधी दिलेला निकाल धरू नका.

४. शेवटी ती वस्तू प्रत्यक्ष जिथे राहणार आहे, तिथल्या दिव्याखाली पाहा.

तिन्ही ठिकाणी फरक एकाच दिशेने दिसत असेल, म्हणजे तुमचा तुकडा सगळीकडे थोडा हिरवटच असेल, तर ती मिश्रणाची चूक आहे आणि ती दुरुस्त होते. एका ठिकाणी हिरवट आणि दुसऱ्या ठिकाणी तांबूस दिसत असेल, तर तो मेटॅमेरिझम आहे. लाल टाकून तो कधीच जाणार नाही, कारण दोष प्रमाणात नसून घटकांत आहे. मूळ नमुन्यात कोणती रंगद्रव्ये आहेत ते शोधा आणि तीच वापरा. तीच रंगद्रव्ये त्याच प्रमाणात असली की जुळणी कोणत्याही दिव्याखाली टिकते.

यंत्राने मोजत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तीन गाळण्यांचे साधे रंगमापक डोळ्यासारखेच तीन आकडे देते. मेटॅमेरिक जोडीला तेही ‘जुळले’ म्हणेल. प्रत्येक तरंगलांबीचे परावर्तन मोजणारा वर्णपटमापकच हा दोष पकडतो.

प्रकाश किती आहे हेही पाहायचे. साध्या पाहणीला ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) पुरतात, बारकाईच्या तुलनेला २००० लक्सच्या आसपास लागतात. अंधुक उजेडात शंकूपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. भर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरला सर्वांत तीक्ष्ण असतो, अंधुक उजेडात तो बिंदू ५०७ कडे सरकतो. म्हणून सांजवेळी लाल काळपट पडतो आणि निळा उजळतो. संध्याकाळी जुळवलेला लाल सकाळी भडक का वाटतो, याचे उत्तर यात आहे.

पांढऱ्याचे प्रकरण वेगळे आहे. पांढरे कागद, धुलाईची पावडर आणि कापड यांत अनेकदा चमक आणणारी द्रव्ये असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. उन्हात असा कागद निळसर शुभ्र दिसतो. साध्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसते, त्यामुळे तोच कागद तिथे मोतिया दिसतो. दोन पांढऱ्यांपैकी एकात ही द्रव्ये असतील आणि दुसऱ्यात नसतील, तर नीळ टाकून ती जोडी सगळीकडे जुळणार नाही. अतिनील टॉर्च मारून पाहा. निळसर उजळणारा तुकडा बाजूला काढा आणि दोन्हीसाठी एकाच जातीचा माल घ्या.

दुसरी तपासणी: शेजार

१८२४ पासून पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे काळ्या धाग्याबद्दल तक्रारी आल्या. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेत वापरलेला काळा फिका पडतो, असे म्हणणे होते. त्यांनी काळा रंग तपासला, तर तो उत्तम निघाला. दोष शेजारच्या निळ्याचा होता. १८३९ साली त्यांनी यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज आपण त्याला समकालीन विरोध (सायमल्टेनिअस कॉन्ट्रास्ट) म्हणतो: प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या पूरक रंगाकडे ढकलतो. निळ्याशेजारी काळा किंचित नारिंगी होतो, म्हणून विटका दिसतो. लाल जमिनीवरचा करडा हिरवट दिसतो, हिरव्या जमिनीवरचा तोच करडा गुलाबी झाक दाखवतो. उजळपणाचेही तसेच. काळ्यावर ठेवलेला करडा उजळतो, पांढऱ्यावरचा काळवंडतो.

पट्टे किंवा ठिपके फार बारीक असतील तर परिणाम नेमका उलटतो. बारीक काळ्या रेघांची लाल जमीन जास्त गडद लाल दिसते, पांढऱ्या रेघांची तीच जमीन फिकी. इथे रंग शेजाऱ्यापासून दूर न जाता त्याच्याकडे झुकतो. म्हणून छापील कापडाचा जमिनीचा रंग मोठ्या सपाट तुकड्याशी जुळवून कधीही समाधान मिळत नाही. नक्षी असेल तर नक्षीसकटच ठरवा.

शेजार दोषी आहे का, हे पाच मिनिटांत कळते. जाड, मॅट, मधल्या करड्या रंगाच्या कागदात तीन सेंटिमीटर बाजूचा एक चौकोनी झरोका कापा. नमुना आणि जुळवलेला तुकडा यांची सांधरेषा त्या झरोक्याच्या मध्यावर आणा, बाकी सारे झाकून टाका. फरक नाहीसा झाला तर रंग बरोबर आहे, शेजार फसवतो आहे. मग तुकड्यांची डावी-उजवी अदलाबदल करून पुन्हा पाहा. लव असलेल्या कापडात दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी. मखमल उलटी धरली की एक पूर्ण छटा गडद दिसते.

कागद मध्यम करडाच का? कारण डोळ्याला पांढऱ्या-काळ्याच्या बरोबर मधला वाटणारा करडा प्रत्यक्षात सुमारे १८ टक्केच प्रकाश परत पाठवतो. डोळा उजळपणा सरळ प्रमाणात मोजत नाही. छायाचित्रकार वापरतात ते १८ टक्के परावर्तनाचे करडे कार्ड या कामाला उत्तम. भिंत, टेबल आणि अंगावरचे कपडेही शक्य तितके करडे असावेत. लाल सदरा घालून रंग जुळवला तर त्याची झाक नमुन्यावर पडते आणि डोळाही थकतो.

डोळ्याच्या थकव्याबद्दल थोडक्यात: भडक लालकडे तीस सेकंद एकटक पाहून नजर पांढऱ्या कागदावर नेली की निळसर-हिरवा ठसा दिसतो. रंग जुळवतानाही असा ठसा बसतच असतो, फक्त तो जाणवत नाही. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त पाहू नका. मधे करड्या कागदाकडे नजर वळवा. पहिल्या दृष्टिक्षेपात जो फरक जाणवतो तो बहुधा खरा असतो. दहा मिनिटे ताणून पाहिल्यावर सापडलेला फरक बहुधा थकव्याचा असतो.

तिसरी तपासणी: पृष्ठभाग

ओल्या रंगावरून निर्णय घेणे ही सगळ्यात महागडी घाई. ॲक्रिलिकचा बांधक, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारे द्रव्य, ओला असताना दुधाळ असतो आणि सुकताना पारदर्शक होतो, त्यामुळे रंग गडद होत जातो. जलरंग उलट सुकल्यावर फिका पडतो. कापड ओले असताना गडद दिसते, म्हणून रंगाईचा तुकडा पूर्ण वाळवून, इस्त्री करून आणि थंड झाल्यावरच पाहा. पट्टी लवकर सुकवायला केस वाळवण्याचे यंत्र चालेल, पण निकाल तुकडा थंड झाल्यावर द्या.

चकाकीनेही रंग बदलतो. तेच मिश्रण मॅटमध्ये फिके आणि दुधट दिसते, ग्लॉसमध्ये गडद आणि तीव्र. मॅट पृष्ठभाग पांढरा प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि तो रंगात मिसळून डोळ्यात येतो. नमुना ग्लॉस आणि तुमचा लेप मॅट असेल, तर आधी दोन्हींवर पाण्याचा थेंब किंवा पारदर्शक वार्निशचा हात द्या आणि मग तुलना करा. जुळले, तर फक्त चकाकी बदलायची आहे.

तिसरे कारण क्षेत्रफळ. दोन बोटांच्या पट्टीवर शांत वाटलेला रंग मोठ्या भिंतीवर जास्त उजळ आणि जास्त भडक वाटतो. छोट्या पट्टीवरून मोठ्या जागेचा रंग ठरवणार असाल तर निदान ६० सेंटिमीटर बाजूच्या फळीवर दोन हात द्या, पूर्ण सुकवा आणि ती फळी खोलीच्या वेगवेगळ्या भिंतींना टेकवून पाहा. फळीला पांढरी कड सोडू नका, नाहीतर पुन्हा शेजाराचा घोटाळा.

चौथी तपासणी: मिश्रण मळकट का होते

इथपर्यंत सगळे ठीक असेल तर दोष खरोखर मिश्रणात आहे. ‘लाल, पिवळा, निळा मिसळून सगळे रंग होतात’ हे शाळेतले सूत्र इथे अपुरे पडते. रंगद्रव्य प्रकाशात काही घालत नाही. ते प्रकाशातला काही भाग खाऊन टाकते. पिवळा निळा भाग खातो. निळा लाल आणि नारिंगी भाग खातो. दोघांनीही जो भाग सोडला तो हिरवा, म्हणून हिरवा दिसतो. दोघांपैकी एकानेही हिरव्यात तोंड घातले की मिश्रण शेवाळी होते. तेव्हा प्रश्न रंगाच्या नावाचा नाही, तो रंग कोणता भाग सोडतो याचा आहे.

ट्यूबवरच्या नावाऐवजी रंगद्रव्याचा संकेतांक वाचा. अल्ट्रामरिन म्हणजे पीबी २९, तो तांबडसर निळा. थॅलो निळा पीबी १५:३ हिरवट. लिंबू पिवळा पीवाय ३ हिरवट, कॅडमियम पिवळा पीवाय ३५ बहुतेक छटांत तांबडसर. स्वच्छ पोपटी हवा तर थॅलो निळा आणि पीवाय ३ घ्या. अल्ट्रामरिन आणि तांबडसर कॅडमियम पिवळा घेतलात तर मेंदीसारखा शांत हिरवा येईल. झाडाझुडपांना तो छान, पोपटाला निरुपयोगी. जांभळ्यात चूक याहून वारंवार होते. कॅडमियम लाल पीआर १०८ निळा भाग जवळजवळ पूर्ण खातो, त्यामुळे अल्ट्रामरिनबरोबर तो आमसुली-तपकिरी होतो. स्वच्छ जांभळ्यासाठी क्विनाक्रिडोन किरमिजी पीआर १२२ किंवा पीव्ही १९ घ्या. ती निळा भाग सोडतात. नावात ‘ह्यू’ असलेल्या ट्यूबमध्ये बहुधा दोन-तीन स्वस्त रंगद्रव्ये मिळून तो रंग केलेला असतो. अशा दोन ट्यूब मिसळल्या की प्रत्यक्षात पाच-सहा रंगद्रव्ये एकत्र येतात, आणि मळकटपणा तिथूनच येतो.

कोणती जोडी बिघडवते ते असे शोधा. ज्या ट्यूब वापरल्या त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या करा. प्रत्येक जोडी १:३, १:१ आणि ३:१ अशा प्रमाणात मिसळून पट्ट्या ओढा, शेजारी त्याच मिश्रणात थोडा पांढरा घालून आणखी एक पट्टी. पांढऱ्याने झाक उघडी पडते. जी जोडी दोघांतच मळकट झाली, ती दोषी. सगळ्या जोड्या स्वच्छ असतील तर ब्रश आणि पाण्याचे भांडे तपासा. पूरक रंगाचा जरासा अंश ब्रशच्या मुळाशी राहिला तरी पुरतो. धुण्याला एक भांडे आणि ब्रश भिजवायला दुसरे, असे दोन ठेवा.

प्रमाणात सर्वांत फसवतो तो थॅलो. त्याची रंगवण्याची ताकद फार मोठी आहे. निळ्यात पिवळा टाकत बसलात तर डबाभर पिवळा संपेल. पिवळा २० भाग घ्या, त्यात निळा १ भाग टाका आणि तिथून पुढे थेंबाथेंबाने जा.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असावा: आधी उजळपणा, मग झाक, शेवटी तीव्रता. डोळे बारीक करून पाहिले की झाक पुसट होते आणि उजळ-गडद फरक समोर येतो. अनेकदा ‘हा जास्त निळा वाटतो’ असे म्हणतात आणि खरा फरक फक्त तो गडद असल्याचा असतो. उजळ करायला टायटॅनियम पांढरा पीडब्ल्यू ६ टाकलात तर रंग थंडही पडतो. लाल गुलाबी होतो, नारिंगी फिकट अबोली. गमावलेली ऊब परत आणायला पिवळ्याचा अगदी थोडा अंश पुरतो. गडद करायला काळा हाताशी असतो, पण पिवळ्यात काळा गेला की शेवाळी होणारच. तिथे काळ्याऐवजी अंबर (मातकट तपकिरी रंग) घ्या. भडकपणा कमी करायचा असेल तर पूरक रंग ५० भागांत १ भाग असा सुरू करा. राखी हवा असेल तर अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) ही जोडी काळ्या-पांढऱ्यापेक्षा जिवंत राखी देते. प्रमाण बदलून तो थंड किंवा उबदार करता येतो.

प्रत्येक बदल वजनाने मोजा आणि सुकलेल्या पट्टीशेजारी लिहून ठेवा. तीन दुरुस्त्यांत रंग जागेवर आला नाही तर ते मिश्रण सोडा आणि कमी रंगद्रव्ये घेऊन नव्याने सुरू करा. चौथी दुरुस्ती जवळजवळ नेहमी तीव्रता मारते आणि ती परत येत नाही.

पडदा मधे असेल तर

फोनने काढलेल्या फोटोवरून रंग जुळवू नका. कॅमेरा स्वतःच्या मनाने पांढरा ठरवतो आणि प्रत्येक फोटोत वेगळा ठरवतो. पडद्यावर पाहणे भागच असेल तर रात्रीचा पिवळा मोड आणि आपोआप बदलणारी उजळता बंद करा, पडदा अर्धा तास चालू ठेवून मग पाहा, पांढरा बिंदू ६५०० केल्विनला ठेवा. भडक मोरपंखी किंवा झळाळता नारिंगी पडद्यावर दिसतो म्हणून छपाईत येईलच असे नाही. चार शाईंच्या आवाक्याबाहेरचे रंग छापताना आत ओढले जातात.

दोन माणसांचे एकमत होत नसेल तर

दोघेही बरोबर असू शकतात. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे होत जाते आणि निळ्या-जांभळ्यातले बारीक फरक आधी पुसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ०.५ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक कमी-जास्त प्रमाणात कळत नाही. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून पुरुषांत प्रमाण जास्त. सौम्य प्रकारात माणसाला स्वतःलाही ते माहीत नसते. नेहमी रंग जुळवणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा रंगदृष्टीची चाचणी करून घ्यावी. मतभेद असलेला तुकडा तिसऱ्याला दाखवताना ‘हा हिरवट आहे ना?’ असे विचारू नका. कोणता नमुना आणि कोणता तुमचा हे न सांगता, फक्त फरक दिसतो का एवढेच विचारा.

मूळ रंगद्रव्ये मिळतच नसतील आणि मेटॅमेरिझम टाळताच येत नसेल, तर वस्तू जास्त वेळ ज्या प्रकाशात राहणार आहे त्याच प्रकाशात जुळवा. दुसऱ्या प्रकाशातला फरक किती आहे ते आधीच दाखवून संमती घ्या. मांडणीत दोन्ही तुकडे कडेला कड लावून ठेवू नका. मधे हातभर अंतर किंवा करडी, लाकडी पट्टी आली की डोळ्याला शेजारी धरून केलेली तुलना करता येत नाही, आणि झरोक्यात स्पष्ट दिसणारा फरक सहसा जाणवतही नाही.